आधी जाणारे, मग राहणारे : मुंबईच्या किनाऱ्यावर बसून स्केच कसं काढायचं

ससून डॉकवर किंवा वरळी कोळीवाड्यात पहिल्यांदा वही घेऊन बसलेल्या माणसाचं पान ओळखायला वेळ लागत नाही. मागची इमारत खिडक्यांसकट पूर्ण, कौलं जवळजवळ मोजून काढलेली, आणि पुढच्या भागात तीन-चार अर्धवट माणसं, बहुतेक बिनहातांची. विचारलं की उत्तर ठरलेलं : "काढायला घेतलं आणि ती उठून गेली." जाणारच. मासळी विकायला आलेली बाई तुमच्यासाठी बसलेली नसते. हात कच्चा असतो हे खरं, पण पान बिघडतं ते क्रम उलटा लागल्यामुळे. उद्याही तिथेच असणारी इमारत आधी काढली जाते आणि पाच मिनिटांत जाणारी माणसं नंतरसाठी ठेवली जातात.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत एकच क्रम पाळला आहे. जे आधी जाणार ते आधी काढायचं : माणूस, मग सावली, मग बोट, मग भिंत. मात्र हा क्रम जागेवर पाळता यायचा तर आदल्या रात्री थोडं काम करावं लागतं. तिथूनच सुरुवात करू.

## पायरी १ : तिथी, भरती आणि ऊन बघून वेळ ठरवा

"रविवारी सकाळी जाऊ" हा बेत नाही. किनाऱ्यावरचं चित्र तीन गोष्टी ठरवतात : पाणी कुठे आहे, ऊन कुठून येतंय आणि बाजाराचा वार कोणता.

आधी पाणी. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा होते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगेच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. चार मीटर म्हणजे एक मजला आणि वर थोडं. सकाळी डोलत असलेली होडी दुपारी चिखलात एका कुशीवर कललेली दिसते. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा त्यावरून ये-जा करणारी माणसं काढायची असतील तर ओहोटीलाच जायला हवं. हे ठाऊक नसल्यामुळे नुसतं पाणी बघून परत आलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावर अजून चालतो. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. तो ढोबळ आहे, तासाभराचा फरक सहज पडतो. चित्राचा बेत आखायला तेवढं पुरतं.

इशारा : खडकांवर उतरून बसायचं असेल तर पाऊणपटीवर विसंबू नका, छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. बँडस्टँडच्या खडकांवर चित्रात मान घालून बसलेल्या माणसाला पाणी मागून कधी आलं ते कळत नाही. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, तर बसूच नका. कठड्यावरून दिसतं ते पुरेसं असतं.

आता ऊन. मुंबईला दोन काठ आहेत हे नवखे विसरतात. ससून डॉक आणि भाऊचा धक्का पूर्वेला, बंदराच्या बाजूला आहेत. तिथे पहाटे सूर्य पाण्यावरून, थेट समोरून येतो. माणसं काळ्या आकृत्यांसारखी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. शिकाऊ माणसाला हे वरदान आहे, कारण नाकडोळे काढायचा मोहच होत नाही. गिरगाव चौपाटी, दादर, वरळी ही पश्चिमेची बाजू. तिथे हाच प्रकार संध्याकाळी मिळतो. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. रंग आणि चेहरे नीट दिसायला हवे असतील तर उलट करा : पश्चिमेला सकाळी जा, पूर्वेला दुपारनंतर. मेच्या मध्यावर भर दुपारी मात्र कुठेच जाऊ नका. १५ मेच्या सुमाराला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं. वर घामाचे थेंब पानावर पडतात ते वेगळंच.

राहिला वार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. बाजार भरलेला, बायकांना बोलायला फुरसत नाही, तुम्हाला बसायला जागा नाही. पहिल्या खेपेला गुरुवार किंवा सोमवार घ्या. श्रावणातही बाजार मंद असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून बरेच जण त्या काळात फिरकत नाहीत. बोटी काढायला शिकायचं असेल तर मला तेच दोन महिने सगळ्यांत चांगले वाटतात. बोटी कोरड्या जमिनीवर ओढून ठेवलेल्या, हलत नाहीत, खालचा सगळा आकार उघडा. शेजारी डागडुजी, रंगकाम, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली.

तपासा : निघण्याआधी वहीच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहिल्या आहेत का? तिथी, भरतीची वेळ, ऊन कुठल्या बाजूने येणार, आणि किती वाजता उठायचं. चौथी गोष्ट सगळे विसरतात. दीड तासाच्या पुढे पान सुधारत नाही, नुसतं काळं होत जातं.

## पायरी २ : झोळी

कमी न्या. दुकानातलं सगळं सामान घेऊन डॉकवर आलेला माणूस पहिली वीस मिनिटं ते मांडण्यात घालवतो, आणि मांडायला तिथे कोरडी जागा नसते.

पुठ्ठ्याच्या कडक बांधणीची, हातात मावेल एवढी वही. कागद १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, जितका जास्त तितका कागद जाड) असेल तर हलका रंग झेपतो. भरपूर पाणी वापरणार असाल तर ३०० लागेल. साधं बॉलपेन, पाण्याने न फुटणाऱ्या शाईचं ०.३ किंवा ०.५ चं एक पेन, एक ४बी पेन्सिल. मधला एकच ब्रश, छोटी रंगपेटी, प्यायच्या पाण्याची बाटली. पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन क्लिपा, सुती फडकं, आणि वही गुंडाळायला प्लॅस्टिकची पिशवी. पायात रबरी चपला. डॉकची फरशी बर्फाचं पाणी, खवले आणि रक्त यांनी कायम ओली असते, कापडी बूट पुन्हा वापरता येत नाहीत. झोळी जमिनीवर ठेवायची नाही, खांद्यालाच राहू द्या. एकदा ठेवलीत तर आठवडाभर लोकलमध्ये तुमच्या शेजारची जागा रिकामी राहील.

बॉलपेनला नाक मुरडू नका. एका डिसेंबरात मी फाउंटन पेनमध्ये साधी निळी शाई भरून गेलो होतो. दोन तासांचं पान जवळपास झालं होतं, तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेला एक जण माझ्यावरून वाकून गेला आणि पाटीतलं बर्फाचं पाणी थेट पानावर सांडलं. डाव्या बाजूच्या सातही माणसांचं एक निळं तळं झालं. बॉलपेनच्या रेषा त्यातून वाचल्या असत्या. पक्क्या शाईच्या हौसेने फाउंटन पेनमध्ये इंडिया इंक भरू नका. तिच्यातली लाख आत सुकते आणि पेन कायमचं तुंबतं.

इशारा : समुद्राचं पाणी रंगाला वापरू नका. "जागेचंच पाणी" ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण मीठ कागदात राहतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. तो भाग नीट सुकत नाही, पांढुरके डाग येतात, आणि वही मिटली की समोरच्या पानालाही चिकटतो.

## पायरी ३ : विचारा, आणि बसायची जागा निवडा

बंदराच्या फाटकावर आधी विचारा. धक्क्यांवर फोटोला बंदी किंवा परवानगीची अट असते. स्केचला सहसा कोणी हरकत घेत नाही, तरी सुरक्षारक्षकाने नाही म्हटलं तर तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. कुलाब्याच्या बाजूला नौदलाचा परिसर जवळ आहे, त्याची भिंत, फाटक, जहाजं चित्रात घेऊ नका. "मी फोटो कुठे काढतोय, चित्रच तर काढतोय" ही सबब चालणार नाही. १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टच्या कलम ३ मध्ये 'स्केच' हा शब्दच लिहिलेला आहे.

माणसांना विचारण्याची वेळ जास्त महत्त्वाची. विकणाऱ्या बाईची भवानी व्हायच्या आत तिच्यासमोर जाऊन उभं राहू नका. पहिलं गिऱ्हाईक यायच्या वेळी एक माणूस नुसताच वही घेऊन समोर बसलेला कोणालाही नको असतो. थोडं थांबा, पहिला वाटा विकला जाऊ द्या, मग विचारा : "मावशी, इथे कडेला बसून चित्र काढू का?" बहुतेक वेळा "काढ, पन वाटेत नको बसू" एवढंच उत्तर येतं. ती नाही म्हणाली तर दुसरीकडे तोंड करून बसा. लपूनछपून काढलेलं तिला कळतंच. तिचं अर्धं आयुष्य गिऱ्हाइकाची नजर ओळखण्यात गेलेलं असतं. उठताना शक्य असेल तर तिच्याकडूनच काहीतरी घ्या, आणि भाव करायला लागू नका.

बसायच्या जागेची एक खूण सांगतो. फरशीकडे बघा. ओल्या फरशीचा पट्टा ही पाट्या वाहणाऱ्यांची वाट असते, कारण पाट्यांतून पाणी ठिबकत जातं. कोरडा किंवा मळकट कोपरा म्हणजे तिथे कोणी चालत नाही. पाठीला खांब किंवा भिंत असू द्या. एक तर हातगाडी मागून येऊन आदळत नाही, आणि मागे उभं राहून "हे काय काढलंय?" विचारणाऱ्यांची रांगही लागत नाही.

## पायरी ४ : पहिली पंधरा मिनिटं पेनाचं टोपण उघडू नका

ही पायरी सगळे गाळतात. इथे करायचं एकच : काय परत परत घडतंय ते शोधायचं.

धक्क्यावरचं काम चक्रासारखं चालतं. बोटीतून क्रेट वर येतो, ओतला जातो, लिलाव होतो, पाटी भरते, डोक्यावर चढते, जाते, रिकामी परत येते. कोलंबी सोलणाऱ्या बायकांचं चक्र तर दोन-तीन सेकंदांचं : उचल, डोकं मोड, साल ओढ, टाक. चौपाटीवर भेळवाल्याचं, गोळा घासणाऱ्याचं, फुगेवाल्याचं असंच. चर्चगेटच्या बाहेर साडेअकराच्या सुमाराला डबेवाले डबे लावतात तेव्हाही तेच दिसेल. एकदा चक्र कळलं की माणूस गेला तरी घाबरायचं कारण नाही. तीच ढब पुन्हा येणार आहे, त्याच माणसाची किंवा शेजारच्याची.

मग पानाच्या कडेला आगपेटीएवढ्या तीन चौकटी काढा आणि एकेका मिनिटात तीन वेगळ्या मांडण्या करून बघा. निवडलेल्या चौकटीखाली चित्राचा विषय क्रियापदात लिहा. "ससून डॉक" हा विषय होत नाही. "कोलंबी सोलतायत", "पाटी चढवतायत", "बर्फ ओततायत" हे विषय. क्रियापद सापडत नसेल तर अजून पाच मिनिटं बघा.

## पायरी ५ : डोळ्यांची रेषा

पानावरची पहिली रेषा माणसाची नाही, भिंतीचीही नाही. ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा. पेन्सिलीने, अगदी फिकट.

समुद्राकाठी ही रेषा फुकट मिळते, कारण क्षितिज बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसतं. तुम्ही बसलात की क्षितिज खाली येतं, उभे राहिलात की वर जातं. पश्चिमेच्या काठावर ते उघडं आहे. पूर्वेला समोर डोंगर आणि जहाजं आड येतात, तिथे वही डोळ्यांसमोर आडवी धरा. वहीची नुसती कड दिसायला लागली, वरची बाजूही नाही आणि खालचीही नाही, की तीच उंची.

या एका रेषेने गर्दीचा सगळा हिशेब सुटतो. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल, तर जवळची असोत की लांबची, उभ्या माणसांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात. फक्त लांबच्यांचे पाय वर सरकतात. तुम्ही मांडी घालून बसला असाल, तर रेषा सगळ्या उभ्या माणसांच्या कमरेच्या जरा खालून जाते, आणि तुमच्यासारख्याच फरशीवर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांवरून. ओट्यावर चढून काढत असाल तर सगळी डोकी रेषेच्या खाली. आता कुठलाही माणूस कधीही आला, तरी त्याला कुठे अडकवायचं ते आधीच ठरलेलं आहे.

नेहमीची चूक : बसून काढायचं आणि माणसं उभ्याने बघितल्यासारखी मांडायची. मग लांबची माणसं हवेत तरंगतात, नाहीतर लहान मुलांसारखी दिसतात. दुसरी चूक म्हणजे तिरकं क्षितिज. समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटतं आणि बाकी सगळं बरोबर असूनही पान कोसळतं. वहीची वरची कड आणि क्षितिज यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना बोटाने मोजा.

## पायरी ६ : माणसं, पण एकेक नव्हे

आता पेन उघडा. हात जोरात चालवायची गरज नाही. फक्त योग्य गोष्ट आधी पकडायची.

डोकं रेषेवर अडकवा, एक ठिपका किंवा अंडाकृती पुरे. मग खांद्यांचा कल आणि कमरेचा कल अशा दोन आडव्या रेषा. वजन ज्या पायावर आहे तो पाय. मग हात काय करतायत. इथवर माणूस दहा सेकंदांत उभा राहतो आणि तो निघून गेला तरी चालतो. कपडे, टोपी, बांगड्या नंतर, दुसऱ्या कोणाकडे बघून.

डोक्यावर पाटी असलेला माणूस बहुतेक जण चुकवतात. ते त्याला ओझ्याखाली वाकलेला काढतात. प्रत्यक्षात मान ताठ असते आणि डोकं जवळजवळ स्थिर. चालण्याचं सगळं हलणं कमरेत आणि गुडघ्यांत जातं, कारण डोकं हललं तर पाटी पडेल. पाटीची खालची कड, कपाळ आणि टेकलेल्या पायाची टाच एकाच उभ्या रेषेत येतात का ते पेन उभं धरून बघा. एक हात पाटीला असतो, दुसरा मोकळा, शरीरापासून जरा लांब. डोक्यावरची चुंबळ विसरू नका. ती नसली तर पाटी टोपीसारखी दिसते.

बसलेल्या बाईचं वेगळं. नेसलेलं लुगडं गुडघ्यांमध्ये ताणलं जातं आणि सगळा घाट त्रिकोणी होतो. आधी तो त्रिकोण, मग त्यावर डोकं. गुडघे तुमच्या बाजूला येत असल्याने मांड्या फार आखूड दिसतात, मनाला ते पटत नाही आणि हात त्या लांबवतो. मनाचं ऐकू नका, पेनाने मोजा.

गर्दी काढताना पुढची दोन-तीन माणसं पूर्ण काढा. बाकीची त्यांच्यामागून डोकावू द्या : एक खांदा, अर्धं डोकं, एक उचललेला हात. सगळी माणसं सुटी सुटी काढली की गर्दी न दिसता रांग दिसते. एकावर एक चढलेली माणसं कशी वाचता येतात ते बघायचं असेल, तर कुलाब्यातच कॅफे माँडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. चहा मागवा आणि कोणाचा कुठला भाग कोणामागे लपवलाय तेवढंच मोजत बसा.

एखादा माणूस काढता काढता निघून गेला तर त्याला पुरं करू नका. शेजारी नवीन माणूस सुरू करा. तासाभरात त्याच ढबीतला कोणीतरी येतो, तेव्हा पहिल्याचे हात भरा. माझ्या पानांवर एकाचं धड आणि दुसऱ्याचे हात अशी बरीच माणसं आहेत, कोणी कधी ओळखलं नाही.

तपासा : अर्धा तास झाला. पानावर किमान पाच माणसं आणि एकही भिंत नाही, असं आहे का? असेल तर तुम्ही वेळेवर आहात.

## पायरी ७ : सावली आणि बोट

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तासाभरात सावली दुसरीकडे जाते आणि पानावर दोन सूर्य उगवतात. म्हणून माणसं उभी राहिली की लगेच कोपऱ्यात उन्हाच्या दिशेचा बाण काढा आणि सगळ्यांच्या सावल्या एका दमात, एकाच तिरक्या रेघांनी घालून टाका. नंतर ऊन कुठेही जाओ, तुम्ही बाणालाच प्रमाण मानायचं.

मग बोट, कारण तीही जागची हलतेच. उधाणाच्या दिवशी भरतीच्या मधल्या तासांत पाणी तासाला एक मीटरच्या आसपास चढतं. सुरू करताना जेट्टीच्या काठाशी समान असलेला डेक तासाभराने माणसाच्या कमरेएवढा वर आलेला असतो. आधी जेट्टी काढली आणि बोट नंतर, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. बोट आणि तिला लागून असलेली काठाची रेषा एकदमच काढा.

आकाराचं सांगायचं तर आधी जमिनीवर ठेवलेलं लांबट खोकं काढा आणि बोट त्यात बसवा. वरची कड सरळ नसते. ती नाळीकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, उंच चढते, मध्ये झोळ घेते आणि मागे पुन्हा किंचित उठते. नवखे लोक कागदी होडीसारखी दोन्ही टोकं सारखी काढतात. आपल्याकडच्या मासेमारी ट्रॉलरची केबिन मागच्या भागात असते, ती मध्ये काढली तर फेरीबोट होते. बाजूला लोंबणारे जुने टायर, निशाणं, ताणलेला दोर या तीन गोष्टींनी बोट खरी वाटायला लागते. दोर ताणलाय की सैल पडलाय ते नीट बघा, त्यावरून पाणी कुठल्या बाजूला ओढतंय ते कळतं.

## पायरी ८ : भिंती, तारा, दुकानांच्या पाट्या

हे शेवटी, आणि जेवढं लागेल तेवढंच. माणसांच्या मागे रिकाम्या राहिलेल्या जागा भरायला इमारत आहे. सगळ्या खिडक्या काढू नका, एक नीट काढा, दोन सुचवा, बाकी सोडा. मात्र तारा, पत्रे, निळं प्लॅस्टिक, पाण्याची पिंपं, वलांडीवर सुकणारे बोंबील यांना गाळून जागा "स्वच्छ" करू नका. वेसाव्यात (वर्सोव्यात) वलांड्या वगळल्या तर राहिलेलं चित्र कुठल्याही गावाचं असू शकतं.

दुकानांच्या पाट्यांची अक्षरं बहुतेकांची बिघडतात, कारण ते एकेक अक्षर डावीकडून काढत जातात आणि शेवटी जागा पुरत नाही. देवनागरीला यावर घरचा उपाय आहे : शिरोरेषा. आधी पूर्ण शिरोरेषा ओढा, पाटी तिरकी असेल तर तिच्या कडेशी जुळणारा कल देऊन, आणि मग अक्षरं तिला कपड्यांसारखी टांगा. जागा आधी मोजली गेल्याने शेवटचं अक्षर चेपत नाही. लांबच्या पाटीवर तर नुसती शिरोरेषा आणि खाली चार-पाच उभे दांडे पुरतात, डोळा मराठी वाचतो.

फोटो घ्यायचाच तर या पायरीवर, परवानगी असेल तिथे, पाटीचा मजकूर लक्षात ठेवण्यापुरता. फोटोवरून घरी माणसं काढली की ती गोठलेली दिसतात, हे मी बऱ्याच वह्या बघून सांगतोय.

## पायरी ९ : रंग

रंग थोडे वापरा आणि त्याआधी समुद्राकडे खरंच बघा. मुंबईचं पाणी निळं नसतं. ते करडं, तपकिरी, कधी हिरवट असतं आणि पावसाळ्यात चहासारखं. पेटीतला निळा थेट लावला की चित्र कॅलेंडरचं होतं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून करडा करा, त्यात येलो ऑकरचा जरासा हात द्या, भरपूर पाणी घाला. हाच करडा आभाळालाही चालतो, फक्त अजून पातळ.

शुद्ध, भडक रंग लुगड्यांसाठी राखून ठेवा. करड्या पानावर एक पोपटी, एक राणी रंगाचं लुगडं पडलं की नजर थेट तिथे जाते. सगळीकडेच भडक लावलं तर ती कुठेच थांबत नाही.

इशारा : दमट हवेत रंगाचा पहिला हात सुकायला तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट वेळ लागतो. हाताची मागची बाजू पानाच्या जवळ न्या. गार लागत असेल तर पान अजून ओलं आहे. त्यावर दुसरा हात दिला की चिखल होतो. पावसाळ्यात रंग घरीच ठेवा, पेन्सिल आणि बॉलपेनवर भागवा.

वही ओली मिटू नका. घरी आल्यावर पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवा. पावसाळ्यात कपाटात भिंतीला टेकवून ठेवलेल्या वहीला दोन महिन्यांत बुरशीचे ठिपके येतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि श्रावणात उघडीप मिळाली की पानं चाळा.

## पायरी १० : उठायच्या आधी दाखवा

आधी मागच्या पानावर दोन-तीन ओळी : तारीख, तिथी, वेळ, कानावर पडलेला एखादा शब्द, कुठलं म्हावरं होतं. घरी गेल्यावर हे आठवत नाही.

मग चित्र ज्याचं आहे त्याला दाखवा. लाज वाटते म्हणून लोक वही मिटून सटकतात आणि फुकटची तपासणी सोडून देतात. ते काम रोज करणाऱ्याला चूक एका क्षणात दिसते. वरळी कोळीवाड्यात बंदीच्या दिवसांत जाळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी तासभर काढलं होतं. सुई, गुंडाळी, वाकलेली पाठ, सगळं जमलंय असं वाटत होतं. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"चांगला काढलास. पन जाळा कोनी धरलाय?"

मला कळेना. त्यांनी पाय पुढे केला. जाळ्याची कड त्यांच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली होती. ताण तिथून येत होता, म्हणून जाळ्याचे डोळे, म्हणजे भोकं, समान पडत होते. माझ्या चित्रात दोन्ही पाय मांडीखाली मुडपलेले, आणि जाळं मांडीवर शालीसारखं पसरलेलं.

"असा सैल ठेवला तं काय शिवनार?" ते म्हणाले, आणि अंगठा ताणून तसेच थांबले. मी पुन्हा पेन उघडलं.